झँगिफ घेऊन गाईलसमोर वारंवार हार: आधी पुढच्या उड्या मोजा

स्ट्रीट फायटर ६ या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये झँगिफ (जवळ जाऊन पकडणारा पैलवान) घेऊन गाईलशी (लांबून मारा करणारा सैनिक) खेळणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. झँगिफ बाकीच्यांसमोर ठीक चालतो, रँकही चढते आहे, पण गाईल आला की सगळं अडतं. तो मागे सरकतो, सॉनिक बूम (हातातून सुटणारा फायरबॉल) सोडतो, तुम्ही ब्लॉक करता. दुसरा बूम, पुन्हा ब्लॉक. तिसऱ्याला धीर सुटतो, पुढे उडी मारता आणि फ्लॅश किक (कोलांटी घेत वर मारलेली लाथ) खाऊन निघालात त्याच जागी येऊन पडता. हे दोन-तीनदा झालं की राऊंड गेला. कधी जवळ पोचलातच, तर घाईत एसपीडी (स्पिनिंग पाइलड्रायव्हर, झँगिफची मुख्य पकड) लावता, तो वर उडून निसटतो आणि सगळं पहिल्यापासून.

खालचं सगळं स्ट्रीट फायटर ६ धरून लिहिलं आहे. हा मॅचअप (दोन पात्रांचा सामना) झँगिफसाठी वाईट आहे यात वाद नाही. दोघंही १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून एकमेकांसमोर उभे आहेत आणि तेव्हापासून पारडं गाईलकडेच झुकलेलं आहे. तरीही वाईट मॅचअप झगडत खेळणं आणि दर वेळी सपाटून हरणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मधल्या रँकमध्ये हे अंतर बहुतेक वेळा एकाच सवयीमुळे पडतं: बूम दिसला की पुढे उडी.

हेल्थ नेमकी कुठे गेली?

नवीन कॉम्बो शिकायला बसण्याआधी गाईलशी हरलेल्या लढतींचे रिप्ले काढा. सीएफएनमध्ये (खेळाच्या ऑनलाइन नेटवर्कवर) ते साठलेले असतात, आणि रिप्लेमध्ये दोघांचे इनपुट आणि फ्रेम मीटर (फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) दोन्ही दाखवता येतात. कागद घ्या आणि प्रत्येक वेळी हेल्थ गेली की कारण लिहा: बूम अंगावर बसला, पुढच्या उडीत मार खाल्ला, चालत जाताना पायावर लाथ बसली, जवळ पोचल्यावर उलटा मार पडला, की बर्नआऊटमध्ये (ड्राइव्ह गेज पूर्ण संपलेल्या अवस्थेत) सापडलात.

बहुतेकांच्या कागदावर उडीचा रकाना सगळ्यात लांब निघतो आणि बूमचा अगदी छोटा. याला खेळाच्या नियमातच कारण आहे. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ड्राइव्ह गेज (बचाव आणि खास चालींवर खर्च होणारी, बारमध्ये मोजली जाणारी शक्ती) शिल्लक असेपर्यंत ब्लॉक केलेला बूम हेल्थ घेत नाही, फक्त ड्राइव्ह थोडी खातो. जुन्या स्ट्रीट फायटरमध्ये ब्लॉक केलं तरी प्रत्येक बूम थोडी हेल्थ कुरतडायचा, त्यामुळे नुसतं ब्लॉक करत बसणं म्हणजे हळूहळू मरणं होतं. ती भीती अजून अनेकांच्या हातात आहे, पण इथे ती लागू नाही. झँगिफकडे ११,००० हेल्थ आहे, गाईलकडे १०,०००. सलग पाच बूम ब्लॉक केलेत तरी तुम्ही हेल्थमध्ये पुढेच आहात. घड्याळ चालू आहे आणि घाई तुमच्यापेक्षा त्याला व्हायला हवी.

तुमच्या कागदावर उडीऐवजी दुसराच रकाना भरला असेल, तर मधला भाग सोडून सरळ ‘जवळ पोचल्यावर’ किंवा ‘ड्राइव्ह’पाशी जा. इलाज वेगळा आहे.

उडी का पकडली जाते

हा भाग नीट समजला तर अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो.

गाईलच्या दोन मुख्य चाली चार्जवर चालतात. सॉनिक बूमसाठी काही काळ मागे धरून मग पुढे आणि पंच. फ्लॅश किकसाठी (मूव्ह लिस्टमध्ये तिचं नाव समरसॉल्ट किक आहे) काही काळ खाली धरून मग वर आणि किक. तिरकं खाली-मागे धरलं की दोन्ही चार्ज एकदमच भरतात, म्हणूनच चांगला गाईल सतत बसलेला दिसतो.

आता बूम सुटतो त्या क्षणाकडे बघा. बूम सोडायला त्याला दिशा पुढे न्यावी लागते. दिशा पुढे गेली की खालचा चार्जही गेला. म्हणजे बूम हातातून सुटल्याबरोबर गाईलकडे फ्लॅश किक नसते. ती परत मिळवायला त्याला पुन्हा खाली-मागे धरून एका सेकंदाहून थोडा कमी वेळ काढावा लागतो.

मग तरीही तुम्ही पकडले का जाता? कारण तुम्ही बूम बघून उडी मारता. डोळ्यांनी बूम बघायचा, डोक्याने ठरवायचं आणि बोटाने वर दाबायचं यात पाव सेकंद सहज जातो. त्यानंतर उडी सुरू व्हायला काही फ्रेम, आणि हवेतला प्रवास धरून सगळी मिळून पाऊण सेकंदाच्या आसपास. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा: तुम्ही त्याच्या डोक्यावर पोचता तोवर त्याचा चार्ज पुन्हा भरलेला असतो. शिवाय बूमनंतर गाईल इतर फायरबॉलवाल्यांपेक्षा लवकर मोकळा होतो, हे त्याचं जुनं वैशिष्ट्य आहे. र्‍यूच्या हादोकेन या फायरबॉलवर जी उशिराची उडी कधीमधी चालून जाते, ती इथे चालत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. बूम बघून मारलेली पुढची उडी बंद. अपवाद न ठेवता बंद, निदान सवय मोडेपर्यंत. आणि पुढची उडी मारायचीच असेल तर बूमच्या आधी, अंदाजाने मारायची, म्हणजे तो बूम सोडत असताना तुम्ही आधीच हवेत असाल. तेव्हा त्याच्याकडे फ्लॅश किक नसते. फार तर बसून मारलेला हेवी पंच असतो, आणि त्यासाठी त्याला अंतर आणि वेळ दोन्ही अचूक जुळवावं लागतं. अंदाज चुकला तर मार पडणारच, म्हणून असा जुगार राऊंडमध्ये एखादाच. तोही ज्या अंतरावरून तुमची उडी थेट त्याच्यावर उतरते तिथूनच. पूर्ण स्क्रीनच्या अंतरावरून पुढे उडी मारून तुम्ही नुसते त्याच्यासमोर उतरता, हाती काही लागत नाही.

आणखी एक खूण. गाईल उभा राहून मागे सरकत असेल तेव्हा बूमचा चार्ज आहे, फ्लॅश किकचा नाही. तो पुढे चालत असेल तर दोन्ही नाहीत. समोरचा बसला आहे, उभा आहे की चालतो आहे एवढंच बघायची सवय लागली, तरी या मॅचअपमधली निम्मी कोडी उलगडतात.

बूमना काय करायचं: चाला

गाईलपर्यंत पोचणं हे ध्येय डोक्यातून काढा. त्याला कॉर्नरमध्ये ढकलायचं हे ध्येय ठेवा. त्याला बूमसाठी मागे धरावं लागतं, त्यामुळे तो आपोआप मागे जातो, आणि स्क्रीनला शेवट आहे. तुम्ही दर बूममागे एक-दोन पावलं मिळवलीत तरी भिंत त्याच्याकडे सरकत राहते.

लांबवर असताना सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ड्राइव्ह पॅरी (येणारा मार अडवून परतवण्याची चाल). ब्लॉक केल्यास ड्राइव्ह खर्च होते, पॅरी लागली तर उलट मिळते. अगदी वेळेवर, पहिल्या दोन फ्रेममध्ये दाबली तर परफेक्ट पॅरी होते, पण लांबवर तिच्या मागे लागू नका. साधी पॅरी पुरते. बूम जवळ आला की दाबा, लागली की सोडा, चाला. बटण धरून ठेवलंत तर ड्राइव्ह गळत राहते.

जागेवरची सरळ उडी इथे फार उपयोगी आहे आणि लोक ती विसरतात. लांबवर बूमवरून सरळ वर उडालात तर जागा सोडत नाही आणि फ्लॅश किक तुमच्यापर्यंत पोचत नाही. ड्राइव्ह कमी असताना तर हाच पहिला पर्याय. फक्त हळू बूम असेल तर उतरताना गाईल त्याच्यामागून चालत आलाय का ते बघा.

हळू आणि वेगवान बूममध्ये फरक करायला शिका. लाइट पंचचा बूम हळू येतो, हेवीचा वेगात. वेगवान बूम ही अंतर राखण्यासाठी सोडलेली गोळी असते: पॅरी करा आणि पुढे व्हा. हळू बूम मात्र ढालीसारखा वापरला जातो. तो सोडून गाईल त्याच्यामागे चालत येतो, तुम्हाला बूम ब्लॉक करायला लावतो आणि त्याच वेळी बसून किक किंवा थ्रो करतो. नवखे इथे गोठतात. पण चालत आलेल्या गाईलकडे चार्ज नाही! बूम संपला की काही क्षण तो साधा, मुठी-लाथांवर खेळणारा माणूस आहे आणि स्वतःच्या पायाने तुमच्या पल्ल्यात आला आहे. इथे तुमचं सगळ्यात लांब पोचणारं बटण वापरा. तो थ्रोला आला असेल तर तुमच्या एसपीडीचा पल्ला त्याच्या थ्रोपेक्षा मोठा आहे.

मध्यम अंतरावर पॅरीचा वापर आवरा. पॅरी धरलेल्याला थ्रो लागला तर तो पनिश काउंटर धरला जातो आणि नुकसान बरंच वाढतं. अनुभवी गाईल हळू बूम सोडून मुद्दाम याचीच वाट बघतो. मध्यम अंतरावर बूम ब्लॉक करा, थोडी ड्राइव्ह गेली तर जाऊ द्या.

या भागाबद्दल अजून एकच. मध्यम अंतर म्हणजे तुमची उडी त्याच्यापर्यंत पोचते ते अंतर, आणि गाईलची सगळी योजना तुम्हाला तिथे अस्वस्थ करण्याची असते. तिथे पोचल्यावर काहीतरी केलंच पाहिजे असं वाटतं. थोडा वेळ नुसते उभे राहून ब्लॉक करून बघा. तुम्ही उडी मारत नाही हे लक्षात आलेला गाईल बसून वाट बघणं सोडतो आणि जास्त बूम टाकू लागतो. मघाशी सांगितलेली अंदाजाची उडी तेव्हा कामाला येते.

ड्राइव्ह

बर्नआऊट हा या मॅचअपमधला खरा शेवट आहे. बर्नआऊटमध्ये ब्लॉक केल्यावर तुम्ही ४ फ्रेम जास्त अडकता, ब्लॉक केलेले बूम हेल्थ खाऊ लागतात, पॅरी नाही, ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा मार झेलत मारलेला जोरदार फटका) नाही. वर जे ‘ब्लॉक करा, काही जात नाही’ म्हटलं ते सगळं तिथे उलटं होतं. म्हणून ड्राइव्ह दोन बारच्या खाली आली की खर्च थांबवा आणि सरळ उड्या व चालण्यावर या.

बूममधून ड्राइव्ह इम्पॅक्ट घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इम्पॅक्ट दोन मार झेलतो हे बरोबर, पण त्याला सुरू व्हायला २६ फ्रेम लागतात आणि बूमनंतर गाईल लवकर मोकळा होतो. मैदानाच्या मधोमध तो बघून उलटा इम्पॅक्ट घालू शकतो. त्याची पाठ भिंतीला असताना मात्र हीच चाल धारदार होते, कारण तिथे इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी तो भिंतीवर आपटतो. त्यातही तो बर्नआऊटमध्ये असेल तर सरळ स्टन, म्हणजे काही वेळ बधिर. इम्पॅक्ट तोवर राखून ठेवा.

पॅरीतून ड्राइव्ह रशला (वेगाने पुढे धावण्याला) साधारण एक बार लागतो आणि रशमधून मारलेल्या बटणाला ४ फ्रेमचा जादा फायदा मिळतो. जवळचा बूम पॅरी झाला की लगेच रश, हा पोचण्याचा सगळ्यात प्रामाणिक रस्ता. लांबून मारलेला उघडा रश गाईल एका बसक्या पंचाने थांबवतो, त्यामुळे बूम नसताना तो टाळा.

जवळ पोचल्यावर

इथपर्यंतची मेहनत बरेच जण अर्ध्या सेकंदात घालवतात. पोचल्या पोचल्या एसपीडी. गाईलला हे माहीत आहे, सगळ्या जगाला माहीत आहे. एसपीडीला ५ फ्रेम लागतात आणि ती जमिनीवरच्या माणसालाच पकडते. तो नुसता वर उडाला तरी तुम्ही हवेत हात फिरवत उभे राहता आणि तो खाली येताना हवं ते मारतो. शिवाय ब्लॉक करत अडकलेल्या किंवा नुकत्याच उठणाऱ्या माणसाला पकडता येत नाही, त्यामुळे घाईत लावलेली एसपीडी आपोआप फुकट जाते.

पहिल्यांदा जवळ पोचलात की काहीच करू नका, ब्लॉक करा. घाबरलेल्या गाईलचा पहिला हात बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह (ड्राइव्ह खर्चून मारलेल्या जास्त ताकदीच्या) फ्लॅश किककडे जातो. ती सुरुवातीला कशालाही बधत नाही, पण दोन बार खाते आणि ब्लॉक झाली की तो बराच वेळ हवेत उघडा पडतो. खाली येताना तुमचा सगळ्यात मोठा कॉम्बो द्या. एकदा अशी शिक्षा झाली की पुढच्या वेळी तो गप्प ब्लॉक करतो, आणि गप्प ब्लॉक करणारा माणूस हेच एसपीडीचं खाद्य.

मग पर्याय फिरवत ठेवा: हलका पंच ब्लॉक करायला लावून किंचित थांबून एसपीडी. तो उडायला लागला असेल तर एसपीडीऐवजी उभं बटण, किंवा हवेतून पकडणारा पहिल्या लेव्हलचा सुपर, एरिअल रशियन स्लॅम. त्याची ड्राइव्ह सतत बघत राहा. बर्नआऊटमधल्या गाईलकडे ओव्हरड्राइव्ह फ्लॅश किक नसते, ड्राइव्ह रिव्हर्सलही (ब्लॉक करता करता मारलेला उलटा फटका) नसतो. तेव्हा फक्त सुपरचा गेज तपासायचा आणि बिनधास्त घुसायचं.

लाइट, मिडियम, हेवी एसपीडीत निवड अशी: लाइटचा पल्ला लांब, हेवीचं नुकसान जास्त. या मॅचअपमध्ये संधी कमी मिळतात म्हणून हेवी मारण्याचा मोह होतो, पण अंतराची खात्री नसेल तर लाइटच. हुकलेल्या एसपीडीची किंमत म्हणजे पुन्हा स्क्रीनचं दुसरं टोक.

एसपीडी करताना झँगिफच उडत असेल तर ते इनपुटचं दुखणं आहे. पूर्ण गोल फिरवायची गरज नसते, मागे-खाली-पुढे करून वरच्या दिशेला पोचतानाच पंच हवा. उडी सुरू व्हायच्या त्या मोजक्या फ्रेममध्ये पंच बसला तर पकड होते.

सराव

ट्रेनिंग मोडमध्ये गाईलला डमी करा. रेकॉर्डिंगसाठी आठ स्लॉट आहेत. हे भरा: हळू बूम आणि मागून चालत येऊन थ्रो, हळू बूम आणि बसून किक, वेगवान बूम आणि पुन्हा बसणं, बूमनंतर खाली-मागे धरून थोड्या वेळाने फ्लॅश किक, बूमच न सोडता नुसतं बसून राहणं. शेवटचा स्लॉट सगळ्यात महत्त्वाचा आहे, तुमची फुकटची उडी तोच उघडी पाडतो. सगळे सरमिसळ चालवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही पुढची उडी न मारता चालत जा. गाईलला मारायचंही नाही, फक्त भिंतीपर्यंत ढकलायचं. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल, पण हात याच सरावाने सुधारतो.

त्यानंतर स्वतः गाईल घेऊन थोडं खेळा. या खेळात प्रत्येक पात्राची रँक वेगळी असते, झँगिफच्या गुणांना धक्का लागत नाही. न उडणारा, शांतपणे चालत येणारा झँगिफ समोर आला की गाईलला कसं कोंडल्यासारखं होतं हे त्या बाजूने अनुभवलं की पटतं.

वरच्या दर्जाचे झँगिफ बघायचे तर जपानचा कोबायान आणि अमेरिकेचा स्नेक आइज यांचे गाईलविरुद्धचे सामने शोधा. कॉम्बो बघू नका, पाय बघा: बूम आणि बूमच्या मध्ये ते किती पावलं घेतात, कुठे थांबतात.

एवढं करूनही अडतंय

पॅरी सतत उशिरा लागत असेल तर आधी यंत्राकडे बघा. टीव्ही गेम मोडवर आहे का, इनपुट डिले रिडक्शन चालू आहे का, वायफायऐवजी केबलने खेळून फरक पडतो का. खेळाचा नेटकोड रोलबॅक आहे (उशिरा आलेला इनपुट मागे जाऊन दुरुस्त करणारा), पण डळमळीत कनेक्शनवर बूम मध्येच उडी घेऊन पुढे आलेला दिसतो आणि मग कसलाच सराव कामी येत नाही.

गाईलशी जमतंय पण जेपी किंवा धालसिम या लांबून खेळणाऱ्या पात्रांशी नाही, असंही होतं. तिथे हाच उपाय जशाच्या तसा लावू नका. जेपीचा ट्रिग्लाव जमिनीतून तुमच्या पायाखाली उगवतो, त्याला चार्ज लागत नाही, त्यामुळे ‘बूमनंतरची मोकळी जागा’ हा हिशोबच नाही. तिथे त्याचं पोर्टल कुठे आहे हे बघत चालावं लागतं. धालसिमचे लांब हातपाय हेच त्याचं अंग आहे, ते पसरलेले असताना त्यांनाच मारता येतं. कागदावरचा रकान्यांचा हिशोब मात्र दोघांसाठीही आधी तसाच करा, आणि उडीचा रकाना इथेही लांब निघाला तर सराव त्याच जागेपासून सुरू करा.